अपघात कुणाच्या खात्यात?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्यात जिल्हा क्षयरोग अधिकारी असतो, जिल्हा हिवताप अधिकारी असतो. त्यांच्या हाताखाली कर्मचारी असतात, दर महिन्याला भरायचे तक्ते असतात, रुग्ण वाढले की वरून विचारणा होते. त्याच जिल्ह्यात गेल्या वर्षी किती मुलं पाण्यात बुडाली, किती मजुरांना फवारणी करताना विषबाधा झाली, किती जणांची बोटं कडबाकुट्टीत गेली, हे विचारायला गेलात तर मात्र या कार्यालयातून त्या कार्यालयात हेलपाटे घालावे लागतात. थोडी माहिती पोलिसांकडे, थोडी रुग्णालयाच्या रजिस्टरात, थोडी कृषी खात्याकडे असते आणि बरीचशी कुठेच नसते.

प्रश्न लहान असता तर हे चाललं असतं. २०२२ या एका वर्षात राज्यातल्या रस्त्यांवर १५,२२४ माणसं मेली. त्याच वर्षी आत्महत्येमुळे २२,७४६ मृत्यू झाले. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गावर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं जीव गमावतात. बुडणं, भाजणं, सर्पदंश, इमारतीवरून किंवा झाडावरून पडणं, विजेचा धक्का हे वेगळंच. जे मरत नाहीत पण हात, पाय, डोळा किंवा कमरेखालची हालचाल गमावून घरी परततात, त्यांची तर मोजदादच नाही. यातले बहुतेक जण ऐन कमावत्या वयातले असतात.

यातलं प्रत्येक मरण आपण सुटं दुर्दैव म्हणून पाहतो. बातमी येते, मदत जाहीर होते, चौकशीचे आदेश निघतात. सार्वजनिक आरोग्याचं शास्त्र मात्र गेली कित्येक दशकं इजांकडे रोगासारखं पाहत आलं आहे. त्या कुणाला होतात, कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी होतात आणि साखळी नेमकी कुठे तोडता येते, हे त्यात तपासतात. राज्यभरासाठी इजा प्रतिबंधाचा कार्यक्रम आखायचा तर याच नजरेनं आखावा लागेल. त्यासाठी लागणारं ज्ञान, कायदे आणि बरीचशी माणसं आज आपल्या हाताशी आहेत. कमी आहे ती नाव घालून दिलेल्या जबाबदारीची.

या शास्त्राच्या मुळाशी एक विमान अपघात आहे. १९१७ साली ह्यू डी हेवन नावाचा तरुण अमेरिकन कॅनडात वैमानिकाचं प्रशिक्षण घेत होता. दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली. तो गंभीर जखमी झाला, पण वाचला, आणि आपण का वाचलो हा प्रश्न त्याच्या डोक्यातून पुढे कधी गेला नाही. १९४२ साली त्यानं पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किती उंचावरून पडला यावरच सगळं ठरत नाही, असं त्याला दिसलं. माणूस कशावर पडला, तो धक्का शरीराच्या किती भागावर पसरला आणि किती वेळात जिरला, यावरही जगणं-मरणं ठरतं. म्हणजे पडणं टळलं नाही तरी मरण टळू शकतं. आजच्या मोटारींतले सीटबेल्ट, एअरबॅग आणि चेपून धक्का शोषणारा पुढचा भाग याच विचारातून आले.

या विचाराला नियोजनाचं रूप दिलं विल्यम हॅडन या डॉक्टरांनी. १९६६ मध्ये अमेरिकेत केंद्रीय रस्ता सुरक्षा यंत्रणा उभी राहिली, तिचे ते पहिले प्रमुख. शरीराला झेपणार नाही इतकी ऊर्जा, मग ती वेगाची असो, उष्णतेची, विजेची किंवा रसायनाची, शरीरापर्यंत पोचते तेव्हा इजा होते, या विचाराभोवती त्यांनी आपली मांडणी केली. बुडण्यात याउलट शरीराला लागणारा प्राणवायू तुटतो. मग त्यांनी एक तक्ता आखला. त्याच्या तीन ओळी म्हणजे घटनेआधी, घटनेच्या क्षणी आणि घटनेनंतर. रकाने म्हणजे माणूस, वस्तू, भोवतालची जागा आणि समाजाचे नियम-रिवाज. प्रत्येक चौकटीत एकच प्रश्न विचारायचा: इथे काय बदलता येईल? जगभरचे इजा प्रतिबंधाचे कार्यक्रम आजही हा तक्ता समोर ठेवून आखले जातात.

कागदावर हा तक्ता रुक्ष वाटतो, म्हणून तो शेततळ्यावर लावून पाहू. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून राज्यात शेततळी झाली, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला त्यांचा आधार झाला हे खरंच आहे. मोठं शेततळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असतं. पाणी मुरू नये म्हणून तळाला आणि उतरत्या बाजूंना जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात. कोरड्या कागदावरून नीट चालता येतं. तो ओला झाला आणि त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. उत्तम पोहणारा माणूसही काठाशी येतो, हात टेकवतो आणि घसरत पुन्हा खोल पाण्यात जातो, कारण धरायला काहीच नसतं. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच अडकतो. शेततळ्याच्या बातमीत एकाच घरातली दोन-तीन नावं दिसतात ती यामुळे. कुठे सख्खी भावंडं असतात, कुठे आई आणि तिची मुलं.

आता तक्ता भरू. घटनेआधी तळ्याभोवती कुंपण, त्याला कडी लागणारं फाटक, आणि आईबाप रानात असताना लहान मुलांना सांभाळणारं कुणीतरी. घटनेच्या क्षणी चारही बाजूंना खुंटीला पक्की बांधून पाण्यात सोडलेली, हातभर अंतरावर गाठी मारलेली दोरी, पाण्यावर तरंगत ठेवलेल्या दोन-चार ट्यूब, आणि काठाला एक लांब बांबू, म्हणजे वाचवणाऱ्याला पाण्यात उतरावं लागणार नाही. घटनेनंतर बाहेर काढलेल्या माणसाला तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं जमणारं वस्तीवर कुणी. यातली दोरी सर्वांत स्वस्त आहे आणि ती शेतकऱ्याच्या घरात आधीच असते. शेततळ्याचं अनुदान देण्यापूर्वी कृषी खात्याची पाहणी होतेच. त्या पाहणीच्या यादीत कुंपण आणि दोरी या दोन ओळी घालायच्या आणि त्या नसतील तर हप्ता थांबवायचा. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवं खातंही लागत नाही. हे मी लांबवून सांगतो आहे, कारण राज्याच्या कार्यक्रमाचं खरं काम असंच असतं, एका ओळीएवढं बारीक आणि हजारो ठिकाणी एकाच वेळी व्हावं लागणारं.

मूल सांभाळण्याची चौकट बांगलादेशानं भरून दाखवली आहे. तिथे दर घराजवळ डबकं, आणि बुडणाऱ्यांत एक ते चार वर्षांची मुलं फार. आई सकाळच्या कामात असते तेव्हाच ती बुडतात, असं माहितीतून दिसल्यावर गावातल्याच बायकांना शिकवून सकाळी नऊ ते दुपारी एक अशी पाळणाघरं सुरू केली. तिथे जाणाऱ्या मुलांमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटलं. आपल्याकडे अंगणवाडी आहे, पण तीन वर्षांखालचं मूल तिथे दिवसभर थांबत नाही, आणि ऊसतोडीच्या फडावर तर ते आईच्या पाठीमागे फिरत असतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०२३ मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधाचा आराखडा काढला आहे. तो जिल्ह्यात कुणी उघडायचा, याचं उत्तर आज कुणाकडे नाही.

मूल बुडाल्यावर कागदावर काय उरतं तेही पाहण्यासारखं आहे. पोलीस पाटील खबर देतो, ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन होतं. ‘पाण्यात बुडून’ असं कारण लिहिलं जातं. घातपात आहे की नाही एवढंच या नोंदीतून ठरवायचं असतं. नाही असं ठरलं की प्रकरण बंद होतं. तळ्याला कुंपण होतं का, दोरी होती का, किती वाजले होते, मुलाजवळ कोण होतं, बाहेर काढायला किती वेळ लागला, काढल्यावर काय केलं, यातलं काहीही तिथे नसतं. म्हणजे पुढचं मूल वाचवायला जे हवं, नेमकं तेच लिहिलं जात नाही.

म्हणून कार्यक्रमाचं पहिलं वर्ष बरंचसं नोंदींवर खर्च व्हायला हवं. पण त्यासाठी मोठं सर्वेक्षण काढायची गरज नाही. पोलिसांची अकस्मात मृत्यूची नोंदवही, रुग्णालयांचं एमएलसी (न्यायवैद्यक प्रकरणांचं) रजिस्टर आणि १०८ रुग्णवाहिकेकडे येणाऱ्या कॉलची वेळ आणि ठिकाण, ही तीन भांडारं आजच भरलेली आहेत. ती एकमेकांशी बोलत नाहीत, एवढंच. रस्त्यांच्या बाबतीत हे घडू लागलं आहे. २०२१ मध्ये केंद्रानं रस्ते अपघातांची एकत्रित नोंद ठेवणारी प्रणाली पहिल्यांदा ज्या सहा राज्यांत आणली, त्यांत महाराष्ट्र होता. अपघाताच्या जागेवरूनच पोलीस अंमलदार मोबाइलवर माहिती भरतो, जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप येतात. बुडणं, भाजणं, विषबाधा, यंत्रात अडकणं यांच्यासाठी याच धर्तीवर आठ-दहा प्रश्नांचं एक पान पुरेल. सगळ्या रुग्णालयांत ते एकदम सुरू करू नये. तीन-चार जिल्हा रुग्णालयांत नीट भरलेली माहिती राज्यभर कशीतरी भरलेल्या माहितीपेक्षा कितीतरी मोलाची असते.

नोंदी बघून रस्ता बदलला की काय होतं, हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानं दाखवलं. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या या सुमारे ९५ किलोमीटरच्या रस्त्यावर २०१६ साली १५१ माणसं मेली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा यांनी मिळून तिथे मृत्यू शून्यावर आणण्याचं काम हाती घेतलं. त्याच्या पायाशी होता एकेका अपघाताचा तपशीलवार अभ्यास: गाडी कशावर आदळली, कुठून घसरली, तिच्यापुढे काय होतं. रात्री कडेला बिनदिव्यांचा उभा असलेला ट्रक, कठड्याविना उघडे राहिलेले पुलांचे खांब, रस्त्याच्या मध्यभागातले सिमेंटचे अवशेष, दुभाजकातून पलीकडे येणारी गाडी, अशी कारणं त्यातून हाती लागली. मग कठडे लागले, उघड्या कठीण वस्तू झाकल्या किंवा काढल्या गेल्या, उभी वाहनं हटवायला गस्त आली. २०२० मध्ये मृत्यू ६६ पर्यंत उतरले. त्या वर्षी टाळेबंदी होती, म्हणून सगळं श्रेय या कामाला देणं बरोबर नाही, पण उतरण त्याआधीच सुरू झाली होती.

मला यातली शिकवण महत्त्वाची वाटते ती अशी. चालक तेच होते, घाट तोच होता, पाऊस आणि धुकं तेच होतं. चुका करणारी माणसं बदलली नाहीत. चुकीची शिक्षा मरण नसावी एवढी काळजी रस्त्यानं घेतली. स्वीडनच्या संसदेनं १९९७ मध्ये हेच धोरण म्हणून स्वीकारलं.

राज्य पातळीवर असं काम करताना एक गोष्ट शोधावी लागते, ती म्हणजे चिंचोळी वाट, जिथून सगळ्यांना जावंच लागतं. उसाच्या हंगामाचं बघा. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरकडे दिवाळीनंतर रात्रीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावू लागतात. ऊस मागून इतका लोंबतो की दिवे असले तरी झाकले जातात. मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला ट्रॉली दिसते ती अगदी जवळ आल्यावर, आणि डोकं किंवा छाती थेट उसाच्या बुंध्यांवर आदळते. शेकडो किलोमीटर रस्त्यांवर पोलीस उभे करून यावर उपाय होणार नाही. पण यातली प्रत्येक ट्रॉली दिवसातून एकदा तरी एका ठिकाणी थांबते, कारखान्याच्या वजनकाट्यावर. राज्यात साखर कारखाने सुमारे दोनशे, आणि त्यांना गाळप परवाना देणारं कार्यालय एकच, पुण्याचं साखर आयुक्तालय. उसाच्या मोळ्यांवरून मागे सोडायचा रेडियमच्या पट्ट्यांचा कापडी पडदा नसेल तर काट्यावर वजन घ्यायचं नाही, अशी अट परवान्यात असली की एका सहीनं सगळ्या ट्रॉल्यांची पाठ उजळते. आज परिवहन खातं आणि काही कारखाने मिळून रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात, फोटो छापून येतात. मोहीम संपते आणि हंगाम चालूच राहतो. अट मात्र हंगामभर लागू राहते.

यंत्रांचंही तसंच. दिल्लीच्या आयआयटीतले दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी हरियाणातल्या गावांत जाऊन शेतीतल्या इजा मोजत होते. तिथे कडबा कापणाऱ्या यंत्रांनी मुलांचीही बोटं तुटत होती, कारण अंगणात उभं असलेलं चाक मुलं खेळता खेळता फिरवत. त्यांनी सुचवलेले बदल गावातल्या लोहारालाही जमतील असे होते. पात्याला झाकण, काम नसताना चाक फिरू नये म्हणून खिटी, आणि हात पात्यापर्यंत जाण्याआधी बोटांना लागून सावध करणारा रूळ. मळणी यंत्राच्या बाबतीत तर देशात १९८३ पासून धोकादायक यंत्रांचा कायदा आहे. कायदा आहे, मानकं आहेत, पण तालुक्याच्या बाजारात यंत्र विकलं जातं तिथे ती मानकं तपासणारं कुणी नाही.

फवारणीची गोष्ट यापेक्षा कठीण आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती. त्यामुळे औषध खाली पिकावर न पडता चेहऱ्याच्या पातळीवर उडत होतं, आणि हवा दमट असल्यानं कुणाला अंगभर कपडे-मुखवटा घालून दिवसभर काम करणं शक्यच नव्हतं. नंतर सल्ले दिले गेले: हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेनं फवारा. दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीवर फवारणाऱ्या माणसाला त्याचा फारसा उपयोग नाही, कारण कोणतं औषध, किती मिसळायचं हे तो ठरवत नाही.

श्रीलंकेनं सल्ला देण्याऐवजी विषच बदललं. १९९५ मध्ये तिथे आत्महत्येचं प्रमाण जगातल्या सर्वांत वरच्या देशांत होतं, आणि कीटकनाशक हे मोठं साधन होतं. त्या वर्षापासून अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बाजारातून काढली. २००५ पर्यंत आत्महत्येचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि पिकाचं उत्पन्न घटलं नाही. विष पिणाऱ्यांची संख्या तेवढी कमी झाली नव्हती. वाचणाऱ्यांची संख्या वाढली. संकटाचा तो तास ओलांडला की बहुतेक माणसं पुढे जगतात. आत्महत्येमागे कर्ज, एकटेपणा, व्यसन, आजार असं पुष्कळ काही असतं, आणि २०२२ पासून मानसिक आधारासाठी चोवीस तास चालणारा टेलिमानस १४४१६ हा क्रमांक गावोगाव पोचलाच पाहिजे. पण हाताशी असलेलं विष किती जहाल आहे यावर जगणं-मरणं ठरतं, हे श्रीलंकेनं सिद्ध केलं आहे. कीटकनाशक कायदा केंद्राचा, १९६८ चा. राज्याला त्यात एखाद्या औषधाची विक्री साठ दिवसांपर्यंत थांबवता येते. पेरणीनंतरचे जोखमीचे दोन महिने या मुदतीत बसतात, म्हणून हा अधिकार आग लागल्यावर नाही, हंगामाच्या आधी वापरायचा असतो. कायमची बंदी हवी असेल तर दिल्लीकडे जायला लागतं, आणि तिथे जाताना हातात जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे लागतात. पुन्हा प्रश्न नोंदीचाच.

जनजागृतीबद्दल माझं मत लोकांना रुचणार नाही, पण ते सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक सुरक्षा कार्यक्रमांचा पैसा आणि श्रम सप्ताह, फेऱ्या, चित्रकला स्पर्धा आणि फलकांवर जातात. एकट्या प्रबोधनानं माणसं फारशी वाचत नाहीत. त्याला नियम, अंमलबजावणी आणि जागेची रचना यांची जोड लागते. हेल्मेटनं डोक्याच्या इजेची शक्यता जवळजवळ ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूची ४२ टक्क्यांनी घटते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दिसलं आहे. देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे असतात. तरी जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटची सक्ती कडक झाली तेव्हा शहरात विरोधाचे मोर्चे निघाले. मला त्या विरोधातली एक गोष्ट समजते. ज्या रस्त्यावर खड्डे आहेत, पदपथ नाही, सिग्नल बंद आहे, तिथे सगळा भार एकट्या चालकाच्या डोक्यावर टाकला जातो असं लोकांना वाटतं. सरकारनं आधी आपल्या वाट्याचं काम करून दाखवलं तर सक्ती करण्याचा नैतिक अधिकार वाढतो. तोवर हेल्मेट घालू नये, असं मात्र त्यातून निघत नाही.

वेगाचंही तेच. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघातांचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. हे चालकाला भाषणातून कळत नाही, रस्ता अरुंद भासला आणि कॅमेरा आहे हे ठाऊक असलं की कळतं.

घटनेनंतरच्या ओळीत महाराष्ट्राची बाजू तुलनेनं भक्कम आहे. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह १०८ सेवा सुरू झाली. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांनी आणि रुग्णालयांनी त्रास देऊ नये, असे आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ते संरक्षण मोटार वाहन कायद्यात आलं. हे संरक्षण अजून ढाब्यावरच्या पोऱ्याला आणि रिक्षावाल्याला ठाऊक नाही, आणि अपघाताच्या जागी पहिला हात त्यांचाच लागतो.

आणि या ओळीत एक माणूस काय करू शकतो, हेही आपल्याच मातीत घडलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानं रुग्ण हृदयावर ताण येऊन, फुफ्फुसांत पाणी भरून जायचे. त्यांनी एकेका रुग्णाची रात्र-रात्र निरीक्षणं लिहून ठेवली आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं. शंभरातल्या तीस-चाळीस मृत्यूंचं प्रमाण एकाच्या आसपास आलं. सर्पदंशावरही त्यांचं काम मोठं आहे. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं मेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजार, आणि त्यातले बहुतेक खेड्यात, जवळपास निम्मे पावसाळ्यात. मुंबईच्या हाफकिनमध्ये प्रतिसर्पविष तयार होतं. प्रश्न उरतो तो ते पावसाळ्याआधी उपकेंद्राच्या जवळ पोचवण्याचा, तिथल्या डॉक्टरला ते द्यायचा धीर येण्याचा, आणि जमिनीवर झोपणाऱ्याला खाट आणि मच्छरदाणी मिळण्याचा. मण्यार रात्री अंथरुणात येऊन चावते आणि कित्येकदा दंश कळतही नाही. केंद्रानं २०२४ मध्ये सर्पदंशाची राष्ट्रीय कृती योजना काढली, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवलं. राज्याला यात शून्यापासून सुरुवात करायची नाही.

मग हे सगळं कुणी चालवायचं? रस्ता बांधकाम खात्याचा, वाहन परिवहन खात्याचं, पोलीस गृह खात्याचे, शेततळं कृषीचं, नदीचा घाट ग्रामपंचायतीचा, लोकल रेल्वेची. जखमी मात्र आरोग्य खात्याचा. म्हणून हिशेब आरोग्य खात्यानं ठेवावा आणि निर्णयाचा हुकूम मुख्य सचिवांच्या समितीचा असावा, असं मला वाटतं. आरोग्य संचालनालयात एक छोटा पूर्णवेळ कक्ष हवा: आकडे जाणणारी दोन माणसं, एक अभियंता, एक शल्यचिकित्सक, कृषी आणि पोलीस खात्यातून प्रतिनियुक्तीवर आलेली दोन माणसं. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती आजच आहे. तिच्या बैठकीत रस्त्याबरोबर पाणी, विष, यंत्र आणि साप यांचा आढावा घ्यायचा. सुरुवातीला पंधरा विषय घेऊ नयेत. विषय निवडताना किती माणसं मरतात, सिद्ध झालेला उपाय आहे का, आणि त्याची किल्ली राज्याच्या हातात आहे का, एवढं पाहावं. लोकलचे मृत्यू पहिल्या दोन कसोट्यांवर उतरतात, तिसरीवर नाही. फलाटांची उंची आणि दारं रेल्वेच्या हातात आहेत. पण तिथले मृत्यू नोंदवणारे लोहमार्ग पोलीस राज्याचे आहेत. कुठल्या दोन स्थानकांच्या मधे, कुठल्या वेळी माणसं मरतात, हे दर महिन्याला जाहीर करायला राज्याला कुणी अडवलेलं नाही.

फरक पडला की नाही हे बघताना एक फसगत होते. ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं मेली, तर सरकारी व्याख्येत तो ‘ब्लॅक स्पॉट’ होतो. असे सर्वांत वाईट पट्टे निवडले की पुढच्या वर्षी तिथले अपघात आपोआपच थोडे घटतात, काही केलं नाही तरी. फार वाईट वर्षानंतर सहसा कमी वाईट वर्ष येतं. म्हणून ज्या जिल्ह्यात काम सुरू केलं नाही, त्याचेही आकडे शेजारी ठेवायला हवेत. यासाठी कार्यक्रम सगळीकडे एकदम न सुरू करणं उलट फायद्याचं. पहिल्या वर्षी चार जिल्हे, दुसऱ्या वर्षी बारा.

कॅलेंडर मात्र शासनाच्या आर्थिक वर्षाप्रमाणे चालून भागणार नाही. मुलं बुडतात मे महिन्याच्या सुट्टीत आणि पावसात. साप चावतो जून ते सप्टेंबरात. फवारणीचा जोर ऑगस्ट-सप्टेंबरात. नायलॉन मांजानं गळे कापले जातात संक्रांतीच्या आधीच्या पंधरवड्यात, २०१७ पासून बंदी असूनही. ट्रॉल्या रस्त्यावर येतात दिवाळीनंतर, पण गाळपाच्या परवान्यांचं काम त्याआधीच सुरू होतं. काट्यावरच्या रेडियमची अट त्या कागदात जायची असेल तर साखर आयुक्तालय, परिवहन आयुक्त आणि आरोग्य खात्याच्या कक्षाची बैठक जूनमध्ये व्हायला हवी, आणि शेततळ्याच्या दोरीची ओळ पाहणीच्या नमुन्यात त्याहून आधी, मार्चमध्ये.